न चाखलेलं पुरण

आई, गुढीपाडव्याच्या दिवशी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, तुझ्यामुळे माझ्या नातीची जीभ भाजली. तुला जाऊन बावीस वर्षं झाली, ही सबब मी ऐकून घेणार नाही.

नात दीड वर्षाची आहे. तिच्यासाठी मी पुरण वेगळं शिजवलं. गूळ नावाला, जायफळ नाही, डाळ पुरणयंत्रातून दोनदा काढलेली, वर दूध घालून मऊ केलेली. सून स्वयंपाकघरात तिचा डबा काढत होती. त्यात ओट्स आणि खजुराचा लगदा असतो, आणि पोर तो आनंदाने खाते. मी घाईघाईने नैवेद्य दाखवला आणि पहिला घास तिच्या तोंडात घातला. पुरण वरून निवतं, आत निखारा असतो. पोरीचा आवाज आधी फुटलाच नाही. मग असा फुटला की शेजारच्या यंत्रमागाचा खडखडाट ऐकू येईना.

सून धावत आली. "आई, ओठाला लावून तरी बघायचं!"

ओठाला? मी आठ वर्षांची आहे. कोन गावातल्या आपल्या घरात चुलीपाशी बसले आहे, धाकटा भाऊ मांडीवर. त्याचं पुरण ओठाला लावून बघते, आणि तू तापलेली पळी माझ्या मनगटावर टेकवतेस. "मडम झालीस काय? बालाला उष्टा घास देतंस? शालंत ह्येच शिकवतान?" आत्या पदर तोंडाला लावून हसतात. दुसऱ्या दिवशी कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरने फोडाबद्दल विचारलं, तेव्हा मी तुझ्यासाठी अस्खलित इंग्रजीत खोटं बोलले. त्यानंतर एकाही पोराचा घास मी चाखला नाही, पोटच्या मुलाचाही नाही. तीस वर्षं वर्गात आरोग्याचे धडे शिकवले आणि घरी येऊन तुझ्या पळीला भ्यायले.

तुझ्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. भाऊ हात जोडून काय काय कबूल करत होता. तुला माझ्याकडून दोन शब्द हवे होते, हे मला कळत होतं. मी तोंड उघडलं नाही. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

नातीची जीभ चार दिवसांत बरी झाली. ती सुनेच्या हातचं खाते, कामवालीच्या हातचंही खाते. माझ्या हातात चमचा दिसला की ओठ घट्ट मिटते. सून म्हणते, "राहू द्या आई, मी भरवते." इतक्या गोडीने म्हणते की त्यापेक्षा तुझी पळी बरी.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते मला ठाऊक आहे. तरी एक लिहिते, जे सुनेला सांगितलेलं नाही. चमचा माझ्या बोटांना चटका देत होता. मला कळलं होतं. पण तिकडे सुनेच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि पहिला घास मला माझाच हवा होता.

याचंही उत्तर तूच दे. लेखी. अक्षय्य तृतीयेला दुपारी बाराच्या आत. नाहीतर या वर्षी तुझ्या नावाचं पान वाढणार नाही.