दहा हजार सात निळ्या टाइल्स

तीर्थरूप आत्याला साष्टांग नमस्कार, आणि तुझ्या उजव्या गुडघ्याला वेगळा, कारण हल्ली घरात त्याचंच जास्त चालतं असं काका म्हणाले. मी मजेत आहे. वजन वाढलंय, अक्कल वाढल्याचं वस्तादांनी अजून कबूल केलेलं नाही.

वस्ताद म्हणजे माझे फरशीकामाचे गुरू (तू त्यांना ‘तो मिशीवाला’ म्हणतेस, मी ऐकलंय). त्यांना आता काम थांबवून दुकान कुणाच्या तरी हाती द्यायचं होतं, आणि तो कुणीतरी मीच असावा म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. त्यात वाचनालयाचं काम आलं. दालनाच्या मधोमध निळ्या टाइल्सचा चौकोन बसवायचा, लांबी-रुंदी आम्हीच ठरवायची, भोवती साधी फरशी. टाइल्स बोटभर लांबीच्या, आणि तो निळा रंग भट्टीत पुन्हा उतरणार नाही, म्हणून आल्या तेवढ्यातच भागवायचं. वस्तादांचा बाणा असा, की एक टाइल कापायची नाही आणि एक उरवायची नाही. मोजल्या तर निघाल्या दहा हजार सात. मी छाती फुगवून म्हणालो, “मी बसवतो. जमलं तर दुकान माझं?” वस्ताद म्हणाले, “बसव की.” (मिशीतल्या मिशीत हसले. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.)

आत्या, त्या आकड्याने माझा अंत पाहिला. तीनने भागलं, बाकी उरली. सातने, अकराने, तेराने, उरलीच. शंभराच्या आत कुणी भागलं नाही तर या आकड्यासाठी पुढे शोधणं व्यर्थ, हे तूच शिकवलेलं, म्हणून नेटाने सत्त्याण्णवपर्यंत गेलो. सोळा उरले. असा माणूसघाणा आकडा मी पाहिला नाही. एक आणि तो स्वतः, बाकी कुणाशी जमतच नाही! म्हणजे चौकोन कसला, एका टाइलची पट्टी, दालनातून निघून रस्त्यापलीकडे जाणारी. याच विचारात माझा पाय एका टाइलवर पडला. उरल्या दहा हजार सहा. वाटलं, सुटलो. पण त्याचे अर्धे पाच हजार तीन, आणि तेही तितकेच हट्टी. आता दोन टाइल्सची पट्टी! मात्र आणखी एक गेली, तर एकशे पंधरा गुणिले सत्त्याऐंशी, अगदी देखणा चौकोन. हे वस्तादांना सांगण्याआधी मी चारदा दाराबाहेर जाऊन आलो, कारण उभ्या आयुष्यात त्यांच्या हातून टाइल फुटलेली नाही. त्यांनी एक उचलली, उजेडात धरली आणि सोडून दिली. “निसटली रे,” म्हणाले. मला रडूच आलं.

चौकोन बसला, दुकान मिळालं. मी फार सुखात आहे. काकांना नमस्कार सांग.

तुझा भाचा

ता. क. वस्ताद रविवारी तुझ्याकडे येताहेत. तो आकडा खरंच भागत नाही ना, हे त्यांना मास्तरीणबाईंच्या तोंडून ऐकायचंय. खरं तेच सांग.

आणखी ता. क. फक्त बोलणं दहा हजार आठवर जाऊ देऊ नकोस, पाया पडतो. दुकानाची किल्ली देताना त्यांनी खिशातून नमुन्याची निळी टाइल काढून माझ्या हातावर ठेवली. रंग जुळवायला भट्टीतली पहिली टाइल वस्तादाच्या खिशात जाते, ती आमच्यात कुणी मोजतच नाही. एकशे एकोणचाळीस गुणिले बहात्तर, आत्या! जन्मात एकच टाइल फोडली त्यांनी, माझ्यासाठी, आणि तीही उगाच, कारण ही आधीच मोजली असती तर माझाही पाय कशावर पडला नसता. हे कळता कामा नये.