पत्रात तसं नव्हतं

बाई, मी तुमच्यावर रागावले आहे, हे आधीच सांगून टाकते. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. मेलेल्या माणसावर इतकी वर्षं राग धरू नये म्हणतात. पण मी काय करू? दर दिवाळीला वाटतं, जाऊ दे, आता संपलं. मग कुणीतरी शाळेत तुमच्या फोटोला हार घालतं, चार पोरं भाषण करतात, ‘बाईंनी आम्हाला घडवलं’ म्हणतात, आणि मी तिथून उठून जाते. मलाही तुम्हीच घडवलंत ना. म्हणून तर जास्त लागतं.

लूमवाल्यांच्या वस्तीतल्या आमच्या गोडादऱ्याच्या घरातला तुमचा तो पहिला दिवस मला दिसतो. स्वयंपाकघर कसलं, एका भिंतीला स्टोव्ह आणि दुसऱ्या भिंतीला साड्यांचा ढीग. आई आणि मी साड्यांचे धागे कापतोय. अण्णा लूमवरची पाळी करून आलेत, बनियनवरच बसलेत. सातवी झाली, आता पोरीनं पूर्णवेळ धागे कापायचे, असं घरात ठरलेलं. तुम्ही दारात चप्पल काढून सरळ आत आलात, त्या साड्यांच्या पोत्यावर बसलात, बशीतून चहा प्यायलात, आणि अण्णांना म्हणालात, “ही पोर मला द्या. मी हिची मास्तरीण करते.” अण्णा कुणाच्या बापाचं ऐकत नसत. तुमचं ऐकलं. त्या चहानंतर मी शिकले, मास्तरकीचं पीटीसी केलं, आणि तुमच्याच शाळेत, तुमच्याच हाताखाली लागले. ते उपकार मी आजही नाकारत नाही. पण खरं सांगू का, त्या उपकारांमुळेच मी इतकी आंधळी झाले. तुम्ही म्हणाल ते खरं, एवढंच मला ठाऊक होतं.

मग ते नव्व्याण्णव साल आलं. तिकडे कारगिलच्या डोंगरावर लढाई चालली होती आणि इकडे आपण सगळेच लढत होतो, टीव्हीसमोर बसून. काय दिवस होते ते! लूमच्या खात्यात दोन पाळ्या करून आलेली माणसं तोंडही न धुता बातम्या बघत. शाळा उघडल्या उघडल्या तुम्ही फाटकाशी काळा फळा लावलात आणि त्यावर रोज सकाळी स्वतःच्या हातानं मराठीत बातमी लिहायला लागलात, कारण आपल्या वस्तीत गुजराती पेपर वाचता येणारे थोडे. अमुक शिखर घेतलं, तमुक ठाणं घेतलं. पोरांनी साड्यांच्या उरलेल्या जरीच्या राख्या केल्या. फळ्यावर तुम्ही लिहिलेलं ‘प्रिय जवान दादा’ पोरांनी उतरवून घेतलं, साठ पोरांची साठ पत्रं, शब्दाला शब्द तेच, आणि आपण त्यांना ‘मुलांच्या मनातलं’ म्हणून पाठवलं. पलीकडच्या गल्लीतल्या बांगडीवाल्या चाचांनी दुकानावर सगळ्यात मोठा झेंडा लावला. तुम्ही कौतुकानं म्हणालात, “बघा, याला म्हणतात प्रेम.” त्यांनाच सगळ्यात मोठा का लावावा लागला, हा प्रश्न तेव्हा ना तुम्हाला पडला, ना मला.

एकदा मात्र मी वेगळं केलं होतं. गुजराती पेपरात गेलेल्या जवानांचे फोटो आले होते, रांगेनं. मी फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात तेही लिहिलं. तुम्ही आलात, वाचलंत, आणि डस्टर शोधायला न जाता तळहातानंच पुसून टाकलंत. “अगं, लोकांना धीर द्यायची वेळ आहे ही. बायका वाचतात हे. तुला अक्कल कधी येणार?” सगळ्यांसमोर बोललात. मी मान खाली घातली. वाटलं, खरंच, किती मूर्ख मी! दिवसभर मला माझीच लाज वाटत होती.

आणि मग मावशी आली. आमच्यापासून तिसरं घर तिचं. नवरा कधीच गेलेला, धागे कापून दोन पोरं वाढवलेली. दोघंही तुमचेच विद्यार्थी. थोरला गावाकडून, धुळ्याहून, फौजेत गेलेला आणि तेव्हा तिकडे वर, डोंगरावरच होता. धाकटा कडोदऱ्याला लूमच्या खात्यावर, आठवड्याला एकदा घरी येणारा. सुट्टीवर आलेल्या एका ओळखीच्या जवानाच्या हाती थोरल्यानं चिठ्ठी पाठवली होती. मावशीला वाचता येत नव्हतं. वस्तीतली सगळी पत्रं तुम्हीच वाचायच्या. पदराखालून तो घडी घातलेला कागद काढून ती म्हणाली, “बाई, मन्हा पोऱ्यानं पत्र शे. वाची द्या.”

तुम्ही तो कागद उभ्यानंच वाचलात. मी समोर होते. तुमचा चेहरा जरा उतरला, ते मी पाहिलं, आणि मला वाटलं, लेकरासारख्या पोराचं पत्र, भरून आलं असेल. तुम्ही घडी घातली आणि म्हणालात, “पोरगा खुशाल आहे. पण हे असं दारात वाचायचं पत्र नाही, बाई. शनिवारी सगळ्यांसमोर वाचू.” मावशीचा चेहरा काय फुलला! दोन दिवस ती सगळ्या गल्लीला सांगत होती. आणि ते दोन दिवस पत्र तुमच्याकडे होतं.

शनिवारी पटांगणात अख्खी वस्ती. मावशी खुर्चीवर बसलेली, गळ्यात हार, जन्मात पहिल्यांदा. तुम्ही कागद उघडलात आणि वाचायला लागलात. तुमचा आवाज! त्या आवाजानं आम्ही पाढे शिकलो, प्रार्थना शिकलो. “आई, इथे थंडी आहे पण छातीत ऊब आहे. आम्ही एक पाऊल मागे घेणार नाही. माझी काळजी करू नकोस. आणि आई, धाकट्याला पाठव. लूमवर आयुष्य घालवण्यापेक्षा त्यानं माझ्या शेजारी उभं राहावं.” माणसं ढसाढसा रडली. अण्णा रडले, ज्यांना मी आजी गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. मीसुद्धा हुंदके देत होते.

त्याच दुपारी तुम्ही मला ऑफिसात बोलावलंत. “मूळ पत्र घरी राहिलं तर उंदीर खातील, ओल लागेल. शाळेच्या कपाटात ठेवू. तिला आपण छान प्रत करून देऊ, काचेत लावून. तुझं अक्षर चांगलं आहे, बस.” मी बसले. तुम्ही कागद समोर धरून सांगत होतात आणि मी लिहीत होते. मध्ये मध्ये तुम्ही थांबायच्या, खिडकीकडे बघायच्या. मला वाटलं, फौजेतल्या पोराचं गिचमिड अक्षर, लागत नसेल. तो कागद पाठमोरा माझ्याकडे होता, त्यावरच्या निळ्या ओळी मागून पुसट दिसत होत्या. फार तर दहा ओळी. आणि मी दीड पान लिहिलं! तेव्हाही मेंदू चालला नाही माझा. वाटलं, माझं अक्षरच ऐसपैस.

तीन आठवड्यांनी थोरला गेल्याची बातमी आली. अजून वेळ होती, बाई. तुम्ही मावशीच्या घरी गेलात, तिला जवळ घेतलंत, तेव्हा सांगता आलं असतं. सगळ्यांसमोर नको, एकटीला, कानात. पण तुम्ही भिंतीवरच्या त्या फ्रेमकडे बघून धाकट्याला म्हणालात, “भावाचा शब्द आहे हा.” मी शेजारीच उभी होते, पाण्याचा तांब्या घेऊन. धाकटा एकोणीस वर्षांचा होता, बोटांना लूमच्या तेलाचा वास. त्याचे मामा सांगत होते, एकुलता एक राहिला आता, जाऊ देऊ नका. मावशी म्हणाली, “त्यानी सांगेल शे, मी कशी मोडू?” त्या हिवाळ्यात तो भरतीला गेला.

त्याचा पाय गेला, ते तुम्ही पाहिलंत. लढाई संपल्यावर, कुठल्याशा सरहद्दीवर, जमिनीतल्या सुरुंगानं. गुडघ्याखाली काही उरलं नाही. तुम्ही दवाखान्यात फळं घेऊन गेलात आणि परत येऊन दोन दिवस शाळेत बोलला नाहीत. मला वाटलं, काय हळवं मन आहे बाईंचं! पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. अंत्ययात्रेला तो कुबड्यांवर आला होता, स्मशानापर्यंत, सगळ्यांच्या मागून. मी त्याला रिक्षा करून देत होते, तर नको म्हणाला.

तुमच्यानंतर कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या. नकाशांच्या गुंडाळ्यांखाली प्लास्टिकच्या पिशवीत ते पत्र होतं. मी हौसेनं उघडलं, म्हटलं, मावशीला नेऊन दाखवू. खालीच बसले. “आई, फार थंडी आहे. बोटं सुन्न होतात. माझ्या बाजूचा गेला, त्याला दोन दिवस खाली आणता आलं नाही. मला भीती वाटते, कुणाला सांगू नको. धाकट्याला इकडे येऊ देऊ नको. तो हट्ट करेल. हे पत्र बाईंकडून वाचून घे. तो त्यांचं ऐकतो. बाईंना सांग, त्याला समजवा.” बस, एवढंच. बाकी गावच्या शेताची चौकशी.

तो तुमच्यावर विसंबला होता, बाई! मरणाच्या दारात बसून त्या पोराला जगात एक माणूस आठवलं, जे त्याच्या भावाला थांबवील, आणि ते तुम्ही. तुम्ही तर केसानं गळा कापलात त्याचा. आणि तो माझ्या हातानं कापलात. टीव्हीवरची माणसं खोटं सांगत असतील, पेपरवाले वाढवून लिहीत असतील, पण त्यांना कोण ओळखत होतं आमच्या गल्लीत? टीव्हीवर कुणी म्हटलं असतं, धाकट्याला पाठव, तर मावशीनं चॅनल बदललं असतं. तुमच्या तोंडून आलं म्हणून ती हो म्हणाली. पत्रं वाचून देणारी बाई, पोरांना ताप आला तर कपाळावर हात ठेवणारी बाई. पंचवीस वर्षं कमावलेला भरवसा तुम्ही एका शनिवारी खर्च केलात, आणि तोही कुणी सांगितलं नसताना! कुणाचा हुकूम नव्हता, कुणी धमकी दिली नव्हती. मी तुमच्या बाजूनं खूप विचार केला. तुमचाही बहुधा विश्वास बसला होता, की असं बोलणं म्हणजेच पुण्य. पण मग ते पत्र जाळलं का नाहीत? जपून का ठेवलंत? मला सापडावं म्हणून? हे तरी सांगून जायचं होतं.

मावशी गेल्या पावसाळ्यात वारली. शेवटपर्यंत त्या फ्रेमला उदबत्ती ओवाळायची. आणि परवा धाकटा घरी आला. आता धाकटा कसला, केस पिकलेत, नकली पाय लावून किराणा दुकान चालवतो. पिशवीतून ती फ्रेम काढली. वाळवी लागलेली, अर्धा कागद गेलेला. म्हणाला, “ताई, अक्षर तुमचंच आहे ना? नवीन करून द्या. होतं तसंच पाहिजे हां, आघुंपाछुं, इकडचं तिकडे काही नको.” मी विचारलं, आता कशाला? तर म्हणे, मुलगी बारावीला आहे, रोज पहाटे मैदानात पळायला जाते. आता मुलींनाही घेतात, पुढच्या महिन्यात भरती आहे. “तिच्या टेबलासमोर लावायचंय. माझा पाय गेला त्याचं मला काही वाटत नाही, ताई. भाऊनं बोलावलं आणि मी गेलो. तिला पण कळू दे, आपल्या घरात काय शब्द होता.”

मी त्याला पाणी दिलं. शाळेतून आणलेलं मूळ पत्र तेव्हापासून आतल्या खोलीत, माझ्या लोखंडी कपाटात होतं, दहा पावलांवर. उठले असते, आणून त्याच्या हातात दिलं असतं, तर त्याचं त्यानं वाचलं असतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो कौतुकानं हसत होता. मी म्हटलं, उद्या ये.

हे तुम्हाला पाठवायचं कुठे, आणि पाठवून तरी काय? तुमच्याशी भांडायला बसले आणि भांडता भांडता इथवर आले, आता तेवढं एक सांगून टाकते. काल तो येऊन नवी प्रत घेऊन गेला. दीड पान. वाळवीनं खाल्लेला कागद बघावा लागला नाही, मला सगळं पाठ होतं. ‘धाकट्याला पाठव’ इथे आले तेव्हा माझा हात थांबला होता, बाई. मग मी तेही लिहिलं.