तुमची तालीम जिंकली, दिनू!

प्रिय दिनू,

ही गोष्ट आमच्या पेठेत सांगितली तर मला गाढवावर बसवून धिंड काढतील, आणि तुमच्या पेठेत सांगितली तर खांद्यावर बसवतील. दोन्ही नको! म्हणून तुला लिहायला बसलो. जिवंत होतास तेव्हा तुझ्या पोटात काही राहत नव्हतं. आता तरी राहील.

काल वनस्पती उद्यानाच्या स्पर्धेचा निकाल लागला. तुमच्या तालमीचा कोपरा पहिला! गुलाल, शिट्ट्या, मिरवणूक. स्पीकर माझेच. हरलेल्यानं जिंकलेल्यांची गाणी वाजवायची, यालाच धंदा म्हणतात.

पण हा सगळा कारभार तुझाच ना? शहरातली पाखरं-फुलपाखरं टिकावीत म्हणून उद्यानाच्या मॅडमनी व्याख्यान ठेवलं होतं, आठवतं? खुर्च्या भरपूर, ऐकायला तू आणि मी. त्यातही मी स्पीकरबरोबर आलेला. तू उठून म्हणालास, "मॅडम, कोल्हापूरकर भाषणानं हलत न्हाय. दोन तालमींत ईर्ष्या लावा, मग बघा." मॅडम हसल्या, पण त्यांनी लावली! दोन्ही तालमींना मागच्या कोपऱ्यात लावायला देशी रोपं दिली. ज्याच्या कोपऱ्यात जास्त जीव नांदतील, तो जिंकला. मारुतीला पानं होतात म्हणून रुई तू दोन्हीकडं स्वतःच्या हातानं लावलीस. आणि एवढं पेटवून निकालाआधीच निघून गेलास! हे काय वागणं झालं?

परवा संध्याकाळी दुकान बंद करत होतो. तालमीमागनं पंपाचा आवाज आला. माझे कान तुला ठाऊक आहेत. धावत गेलो, तर आमच्या तालमीचा सेक्रेटरी पप्या रुईवर औषध मारतोय!

"अरं, काय करतोयस?"

"मामा, उद्या मॅडम बघायला येणार. अळ्यांनी पानांची चाळण केलीया. शनवारी मारुतीला ही असली पानं घालायची व्हय? पलीकडचं हसतील की!"

याच रुईपुढं तू मला ओणवं करून पट्ट्यापट्ट्यांची अळी दाखवली होतीस. "हीच उद्याचं फुलपाखरू. हिला दुसरा पाला चालत न्हाय. खाऊ दे लेका, तुझ्या ताटातलं खातीया काय?" तू असतास तर पप्याला तासभर समजावत बसला असतास. मी पडलो धंदेवाला. म्हणालो, "मार, मार. मॅडम अळ्याच मोजणार हायत. आणि पलीकडं आपल्या दुप्पट हायत."

पंप थांबला. "त्यांच्यात? दुप्पट?" पप्याचं तोंड बघायला हवं होतंस! लागला बादलीनं पानं धुवायला. पण अर्धं झुडूप गेलंच होतं.

घराकडं निघालो आणि डोक्यात आलं, पलीकडंही एखादा पप्या असणारच की! गप्प बसलो असतो, तर आम्ही जिंकलो असतो. कोण विचारणार होतं? चौकात बराच वेळ उभा राहिलो, दिनू. उभ्या जन्मात तुमच्या तालमीची पायरी चढलो नव्हतो. पण तिथली रुईही तुझीच. चढलो.

तुमचा पैलवान औषध कालवतच होता. "या पावणं, वाट चुकला काय?"

"चुकलो न्हाय. आमच्या रुईवर अळ्या पोत्यानं हायत. मॅडम त्याच मोजणार. म्हटलं, तुमच्याकडं किती हायत बघून यावं."

औषध गटारात न ओतता नीट बाजूला ठेवायलाही मीच सांगितलं. शत्रूला एवढी मदत कुणी केली असेल का रे?

काल मॅडमनी तुमची कुरतडलेली पानं बघून टाळ्या वाजवल्या. आमचं अर्धं झुडूप सुनं. हरलो. पप्या अजून विचारतोय, "मामा, त्यास्नी कुणी सांगितलं असंल?" मी म्हणतो, "दिनूच येऊन सांगून गेला असंल. पेठेचा अभिमान लई त्याला."

औषध लागलेल्या फांद्या पप्यानं छाटल्या. आज सकाळी एक केशरी फुलपाखरू तुमच्या बाजूनं आलं आणि राहिलेल्या पानांवर बसलं. पप्या ओरडला, "मामा, त्यांचा प्लेअर आपल्यात आला!" मग पोरांनी तिथं कुणाला फिरकू दिलं नाही. तू किती हसला असतास!

तुला शब्द देतो. जोवर मी आहे, तोवर दोन्ही कोपऱ्यांवर औषधाचा थेंब पडणार नाही. त्यासाठी तुमची पायरी पुन्हा चढावी लागली, तरी चढेन. पण पुढच्या वर्षी आम्ही तुम्हाला लोळवणार, हे नक्की. तेव्हा वरून रडू नकोस.

तुझा पलीकडच्या पेठेतला,
आण्णा स्पीकरवाला