दोनशे मीटरच्या आत

३ मार्च
नगरपालिकेचा नवा नियम. प्रौढांच्या करमणुकीचा क्लब शाळेपासून दोनशे मीटरच्या आत असेल तर लायसन रिन्यू होणार नाही. महिनाअखेरीस पाहणी. घाबरायचं कारण नाही. माझा क्लब शिस्तीचा. स्टेजवर डान्स, दिवे मंद, दारात डोंगर. डोंगर म्हणजे आमचा दारवान. अठराच्या आतलं पोरगं त्याच्या नजरेतून सुटत नाही. आज त्याला पुन्हा बजावलं, नियम म्हणजे नियम, उद्या मी आलो तरी अडव. तो बरं म्हणाला. तो नेहमी बरंच म्हणतो.
सौ.नी विचारलं, नियम पूर्ण वाचलात का. मुद्दा वाचला. बाकी मजकूर भरतीचा असतो.

५ मार्च
झोप नाही. मेन रोडपलीकडच्या शाळेचं फाटक नक्की किती लांब? लायसन गेलं तर डान्सवाल्या मुली, ढोलकवाला, डोंगर, सगळे रस्त्यावर. आणि मी मेव्हण्याच्या टाइल्सच्या दुकानात. तो हसत हसत म्हणणार, दाजी, जरा फडकं मारा. त्यापेक्षा मरण बरं.

८ मार्च
अंतर स्वतः मोजायला गेलो. अर्ध्या रस्त्यात ट्रक आला. टेप घेऊन गेला.

९ मार्च
समोरच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीबाई क्लबविरुद्ध सह्या गोळा करतायत.  पण संकटात माझं डोकं जोरात चालतं, हा माझा जुना गुण. शेजाऱ्यांची मनं जिंकायची!

१० मार्च
सकाळी क्लबचा हॉल रिकामाच असतो. मेहुणी लहान मुलांना डान्स शिकवते, जागेसाठी वणवण फिरते. तिला हॉल फुकट दिला. पहिली विद्यार्थिनी सेक्रेटरीबाईंची नात! मेहुणी म्हणाली, नुसता सकाळचा क्लास असू द्या, गाजावाजा नको. म्हटलं, छे, करायचं तर दणक्यात. शाळा म्हणून रीतसर नोंदणीच करून टाकली. दारावर बोर्ड, लांबून दिसेल असा. सौ. बोर्ड वाचून माझ्याकडे बघून हसल्या, कित्येक वर्षांनी. कौतुक लपत नाही.

१७ मार्च
सह्या बंद! सेक्रेटरीबाईंनी हॉलला मोठा आरसा भेट दिला. डान्सवाल्यांतली थोरली काळजीत. शेठ, लायसनचं काय, म्हणाली. म्हटलं, मी आहे ना. ती म्हणाली, म्हणूनच विचारतेय.

३० मार्च, सकाळ
आज पाहणी. साहेबांना मुद्दाम क्लासच्या वेळेला बोलावलंय, वातावरण चांगलं दिसावं म्हणून. दोनदा शर्ट बदलला. तरी घामाघूम.

३० मार्च, रात्र
साहेबांची टेप फाटकाकडे सरकत होती आणि माझा जीव टांगणीला. दोनशे अकरा! रडायचाच बाकी होतो. साहेबांनी सहीसाठी पेन काढलं. तेवढ्यात आतून पोरं वन-टू-थ्री ओरडली. साहेबांनी मान वर करून बोर्ड वाचला. शाळा क्लबपासून किती लांब, म्हणाले. मी म्हटलं, दोनशे अकरा. ते म्हणाले, ती नाही हो, ही. यावेळी टेप उघडलीसुद्धा नाही.
म्हटलं, आत्ता बंद करतो शाळा. साहेब म्हणाले, तुमचं लायसन उद्या संपतंय, आता नवाच अर्ज करा, शेजाऱ्यांची संमती जोडून. नातीला न्यायला आलेल्या सेक्रेटरीबाईंकडे मी पाहिलं. त्यांनी मान हलवली. आडवी.
संध्याकाळी सौ. म्हणाल्या, दुसऱ्याच पानावर होतं, कोणतीही नोंदणीकृत शाळा.

२ एप्रिल
मुली दुसऱ्या शहरातल्या क्लबात गेल्या. थोरलीने मेकअपचा डबा मेहुणीला दिला. माझ्याकडे पाठ करूनच रिक्षात बसली. वाईट वाटलं. खरंच वाटलं.

९ एप्रिल
टाइल्सच्या दुकानात तात्पुरता जातोय. मॅनेजमेंट बघतो. फडकं फक्त सकाळी.
आज वाटेत हॉलवर डोकावलो. शेवटी जागा माझी, कल्पना माझी. पोरांना दोन शब्द सांगणार होतो. दारात डोंगर. मेहुणीने ठेवून घेतलंय त्याला, पोरांचे बूट सांभाळतो. त्याने हात आडवा घातला. म्हणाला, शेठ, क्लास चालू असताना मोठ्यांना आत सोडायचं नाही. नियम म्हणजे नियम, तुम्हीच सांगितलंत.
मी बरं म्हणालो.