उतरलेली कावीळ

रविवार, माघ महिना

सगळ्यात आधी आली ती माझी नणंद गिरजाबाई, जळगाव जामोदहून पहिल्या गाडीनं. नातीचं तोंड पाहायच्या आधीच मले म्हणते, "वैनी, वसंताचे डोळे तं हळदीवानी झाले." मी म्हटलं, बाई, आधी पोरगी पाहा. नाकडोळे माझ्या वसंताचेच. माझं बोट मुठीत असं धरते की सोडतच नाही.

गिरजाबाईनं काविळीची माळ आणली होती. वसंता लहान असताना अशाच माळेनं त्याची कावीळ उतरली होती. डोक्यावर घातलेली माळ वाढत वाढत पायापर्यंत उतरली, साऱ्या गावानं पाहिलं. आता मुंबईचे डॉक्टर म्हणतात, कावीळ गेलीच नव्हती, रक्तात निजून होती. मानेतल्या गाठींच्या कॅन्सरसाठी सुया दिल्या, गाठी विरघळल्या, पण अंगातला जोर गेला अन् ती कावीळ जागी झाली. गाठी गेल्या तवा मी पेढे वाटले होते. मंग लहानपणी माळ उतरली ते काय होतं? आता सुया बंद आहेत, अन् या काविळीवर आता औषध लागू पडत नाही म्हणतात.

वसंतानं माळ घालून घेतली. "घाल आत्या, एवढ्या दुरून आणली तं."

निघताना गिरजाबाई म्हणाली, "गुरुवारी बारशाले येतो."

वसंता पोरीले मांडीवर घेऊन बसला होता. म्हणाला, "आत्या, गुरुवार कशाले पाह्यचा? परवाच नाव ठेवू."

गिरजाबाईनं एकदा त्याच्या पिवळ्या डोळ्यांत पाहिलं. मंगळवारी येतो म्हणाली.