काकांच्या उडवीतली धामण

गुरुजी, पोशीरच्या पुढच्या गावात परवा एक धामण मारली. पेंढ्याच्या उडवीतून निघाली होती. ज्या काकांनी मारली, त्यांनाच तुम्ही एकदा आपल्या राखीव रानापर्यंत चालवत नेलं होतं, धामणीची पिशवी त्यांच्याच हातात देऊन. ज्याच्या घरात साप निघाला त्यानंच तो रानात सोडायचा, हा तुमचा नेम. मी तेव्हा शाळेत होतो, मागून चालत होतो. काका पिशवी अंगापासून लांब धरून चालतायत आणि तुम्ही त्यांना यंदा भात कसं आलंय ते विचारताय. गाठ सुटली, धामण कारवीच्या झुडपात शिरली, आणि काका म्हणाले, "गेली की वो, माज्याकडं बगितलं बी नाय." तेव्हापासून त्या गावात कुणी धामण मारली नव्हती. ती गाईचं दूध पिते म्हणणारी म्हातारी माणसंसुद्धा तुमच्या शब्दाखातर काठी खाली ठेवायची.

तुम्ही वारल्यावर काही वर्षं सगळं बंदच होतं. मग मी कॉलेज अर्धवट सोडून आलो आणि तुमचे सापांची ओळख करून द्यायचे कार्यक्रम गावोगाव करायला लागलो. प्राध्यापकांशी भांडलो म्हणून सोडलं असं घरी सांगितलं. भांडलो होतोच, पण आलो ते एका मुलीसाठी. ती काकांच्या गावच्या बालवाडीत शिकवते. म्हणून कार्यक्रमही बालवाडीच्या अंगणात ठेवला. तुम्ही साप कधी उंच धरला नाहीत. एकदा मी गळ्यात घालून मिरवलो तर म्हणालात, "साप दाखवतोयस की स्वतःला?" मला राग आला होता, पुढच्या रविवारी मी आलोच नाही. त्या दिवशी अंगणात मी पुन्हा तेच केलं. धामण डोक्यावर धरून सांगत होतो, हिला विष नसतं, ही उंदीर खाते, आणि बोलता बोलता पोरांमागे उभ्या असलेल्या तिच्याकडे बघत होतो. धामण मनगटाला चावली.

साबणाने हात धुतला असता तर संपलं असतं. पण ती धावत आली, ओढणीनं माझा दंड आवळला आणि रडायला लागली. मी डोळे मिटून घेतले. "अरं, टेंपो काढ, टेंपो काढ," कुणीतरी ओरडत होतं. कर्जतला डॉक्टरांनी विचारलं, काय चावलं? ती शेजारी उभी होती. मी म्हणालो, माहीत नाही. त्यांनी मला ठेवून घेतलं. सकाळी ती पेज घेऊन आली, चमच्याने भरवली. मी भरवून घेतली.

परवा ऐकलं तसा तावातावानं काकांकडे गेलो. धामण बांधावर पडली होती. "काका, गुरुजींनी काय सांगितलं होतं?" ते शांतपणे म्हणाले, "मास्तर देवमानूस, पन त्यांना सगलंच ठावं आसंल असं नाय. तू मरता मरता वाचलास रं. आमच्या घरात पोरं हायत." तुम्हाला चुकीचं ठरवून ते माझी काळजी करत होते.

काल मारुतीच्या देवळापुढं सगळ्यांना बोलावलं. सांगितलं, ती धामणच होती, विष नव्हतं, मला काही झालं नव्हतं, गुरुजींचं खरं आहे. एकजण म्हणाला, "म्हंजे माज्या टेंपोचा ड्याझेल फुकट गेला?" लोक हसले. काका हसले नाहीत. "मंग गप का ऱ्हायलास?" ती पोरांना घेऊन मागं उभी होती. मी म्हणालो, "घाबरलो होतो, काका." ते जायला उठले. म्हणाले, "आता निंगाली तर तुला सांगावा धाडीन, मारनार नाय. पन हातात काय मी घेनार नाय." तुम्ही त्यांना जिथवर नेलं होतंत, तिथून मी त्यांना एवढं मागं आणलंय.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून लिहितो. मी घाबरलो नव्हतो, गुरुजी. ती रडत होती आणि मला बरं वाटत होतं. तेवढं सोडून बाकी सगळं मी गावाला खरं सांगितलं.