पेंडिंग शून्य

९ मे, सोमवार. सकाळी, ऑफिसात

सुट्ट्या लागल्यामुळे कॅम्पस रिकामा. हेल्पडेस्कवर मी एकटा. स्क्रीनवर एकच ओळ: पेंडिंग शून्य. म्हणजे कुणाचीही कॉम्प्युटरची तक्रार बाकी नाही. बघून डोळे निवले.

आज संध्याकाळी पाचला साहेब सीनियरच्या जागेसाठी नाव कळवणार. जागा एक, उमेदवार दोन. मी आणि पलीकडच्या इमारतीतला मिशीवाला. मिशीवाल्याकडे अनुभव आहे, डिप्लोमा आहे, लोक त्याला नावाजतात. पण साहेब म्हणाले होते की ज्याच्या तक्रारी कमीत कमी शिल्लक, त्याचा आधी विचार होईल. तिथेच मिशीवाला संपला.

निघताना बायकोला सांगितलं, तुझ्या बाबांना आज जेवायला बोलाव आणि बढतीचंही कळवून टाक. ती म्हणाली, बोलावते.

संकल्प: दिवसभरात नेटवर्किंगच्या कोर्सचे तीन धडे संपवणे. चहा बंद. सीनियर माणसाला असली व्यसनं शोभत नाहीत.

सकाळी दहा

चहाशिवाय डोकं चालत नाही. यात माझा काय दोष? विजेची किटली घरून आणलीच होती, केवळ मोहाची परीक्षा म्हणून. टेबलाखालचा बोर्ड भरलेला. एक डबा सारखा घुंई घुंई करत होता. त्याचा प्लग काढून किटलीचा लावला. डबा कसला आहे ते बघणार होतो, पण वाकलं की पाठ धरते. आवाज थांबला. अशी शांतता की आता अभ्यास होणारच.

साडेदहा

पहिला धडा उघडत नाही. नुसतं चाक फिरतंय. कोर्सवाल्यांचा सर्व्हर भिकार असणार. माझी तयारी होती, हे इथे नोंदवून ठेवतो. मोबाईलवर मॅच बघितली.

सव्वाअकरा

वरच्या मजल्यावरून लायब्ररीच्या मॅडम आल्या. म्हणाल्या, इंटरनेट बंद आहे. मी नम्रपणे सांगितलं की तोंडी तक्रार चालत नाही, साइटवर नोंदवा. त्या म्हणाल्या, इंटरनेटशिवाय साइट उघडू कशी? मी मोबाईलचा पर्याय सुचवला. त्यावर म्हणाल्या की ती साइट फक्त कॅम्पसच्या नेटवर उघडते आणि तसा नियम मीच केलाय. नियम पाळायचा नसला की माणसाकडे सबबींना तोटा नसतो.

त्या पाय आपटत गेल्या. स्क्रीनवर पाहिलं. पेंडिंग शून्य. म्हणजे खरी तक्रार नव्हतीच.

बारा

गणिताचे सर. मग अकाउंट्सच्या बाई. मग परत मॅडम. बढतीची कुणकुण लागलेली दिसते, नाहीतर सुट्टीत कोण कुणाला भेटायला येतं? सगळ्यांना तेच उत्तर दिलं. सर म्हणाले, हे म्हणजे विहिरीत पडलेल्याला दोर आणायला गावात पाठवण्यासारखं झालं. माणूस हुशार, पण शिस्त नाही.

'तोंडी तक्रारी घेतल्या जाणार नाहीत' अशी पाटी करायला घेतली. प्रिंटरमधून निघेना. कागद दमट असावा. शेवटी हाताने लिहून दारावर चिकटवली. अक्षर सुरेख आलंय. त्या आनंदात आणखी एक चहा.

दुपारी, जेवणानंतर

सीनियर झाल्यावर काय काय बदल करायचे, यावर टेबलाशी बसूनच खोल चिंतन केलं. चिंतन संपलं तेव्हा गालावर कीबोर्ड उमटला होता. तिसरा चहा, फक्त जाग यायला.

तीन

पेंडिंग शून्यचा फोटो साहेबांना मेल करावा म्हटलं. मेल जाईना. संताप आला. कुठे मेले हे सपोर्टवाले, असं तोंडून निघून गेलं. मग आठवलं.

रीतसर तक्रार नोंदवायला साइट उघडायला गेलो. तीही उघडेना. मॅडमचा मुद्दा थोडा थोडा पटू लागला. स्क्रीनवरचं ते शून्य सकाळचंच होतं. तेव्हापासून पान बदललंच नव्हतं.

खाली वाकलो. पाठ धरली. घुंई घुंई करणारा डबा म्हणजे अख्ख्या इमारतीचं नेटवर्क ज्यातून जातं तो स्विच. किटलीचा प्लग काढला, त्याचा लावला. हिरवे दिवे लागले. दोन मिनिटांत दुरुस्ती. एवढ्यासाठी लोकांनी केवढा आरडाओरडा करावा.

साडेतीन

तक्रारींचा पाऊस. मजकूर एकच: सकाळपासून इंटरनेट नाही. मॅडमनी तर दर तासाची वेगळी नोंदवली. मी डगमगलो नाही. दुरुस्ती आधीच झालेली, त्यामुळे भराभर 'सोडवली' अशी खूण करत सुटलो. तक्रार नोंदवायच्या आधीच ती सोडवणारा माणूस या कॅम्पसने पाहिला नसेल. पेंडिंग पुन्हा शून्य. मिशीवाल्याला जन्मात जमायचं नाही.

चार

साहेब वेळेआधीच आले. मागे मॅडम. साहेबांनी दारावरची पाटी दोनदा वाचली. अक्षर आवडलं असावं.

काय झालं होतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, विजेच्या मर्यादित साधनांचा प्राधान्यक्रम तात्पुरता बदलला होता. साहेबांनी किटलीला बोट लावून पाहिलं. अजून कोमट होती. चहा किती वेळा केला, म्हणाले. तीनदा, म्हणालो. खोटं कशाला बोला.

मग ते म्हणाले की उद्यापासून मिशीवाला सीनियर. मी त्याच्या हाताखाली, त्याच्याच खोलीत, त्याच्या समोरच्या टेबलावर. किटली घरी न्यायची. मॅडमनी रुमाल तोंडाला लावला. सर्दी झाली असेल.

वाईट वाटलं. खूपच वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचणार नाही. पण त्या खोलीला खिडकी आहे.

१० मे, मंगळवार. सकाळी, घरी

काल सासरे जेवायला आले. ते विषय काढणार हे ठरलेलं, तेव्हा म्हटलं आपणच काढावा. पहिला घास घ्यायच्या आधीच सांगितलं की बाबा, बढतीचं मनाला लावून घेऊ नका. जबाबदारी फार, पगार तेवढाच, आणि मिशीवाल्याला गरज जास्त होती. बाहेरून भलतंसलतं कानावर यायला नको म्हणून किटलीचाही खुलासा केला. स्विच नीट समजावा म्हणून पेपरच्या कोऱ्या कडेवर चित्र काढून दाखवलं. सासरे घास हातात धरून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, जावईबापू, कसली बढती? मला वाटलं, सहज बोलावलंय.

बायकोला स्वयंपाकघरात गाठलं. तू कळवलं नव्हतंस का, विचारलं. ती म्हणाली, मागच्या दोन्ही वेळेला कळवलं होतं, मग बाबा महिनाभर विचारत राहिले आणि तुम्ही त्यांना चुकवत फिरलात. आता हातात ऑर्डर पडल्याशिवाय मी काही सांगत नाही. मला राग यायला हवा होता. आला नाही. ती म्हणाली, बाहेर चला, बाबा एकटे बसलेत, जेवण निवतंय.

तर बढती मिळणार हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. नाही मिळाली, हे मात्र मी चित्रासकट सांगून बसलो.